एव्हान्स गँबिट: चौथ्या चालीला प्यादं दिलं, आता पुढं काय?

बी४वाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं, आज वेळ काढून लिहितोय, जरा लांबेल.

गेली दोन वर्षं मी पांढऱ्याकडून एव्हान्स गँबिट खेळतोय (गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन बदल्यात वेळ आणि जागा घेणं). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चाली: ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, आणि चौथ्या चालीला बी४. सी५ च्या उंटापुढं प्यादं सरळ नेऊन ठेवायचं, बिनजोर. त्याने खाल्लं की पाचवी चाल सी३, उंटाला पळावंच लागतं, आणि मग डी४ ढकलून मधली घरं ताब्यात. मला हे ओपनिंग मनापासून आवडतं. डाव पहिल्या पाच मिनिटांत पेटतो, समोरचा विचारात पडतो, आणि आपल्याला खेळायला मोकळी जागा मिळते.

अडचण अशी आहे की जिंकतो तेव्हा वीस-बावीस चालीत जिंकतो, पण हरतो ते सगळे डाव एकाच साच्यातले. विसाव्या चालीपर्यंत हल्ला विझलेला असतो, वजीर कटलेले असतात आणि समोरच्याकडे ते एक प्यादं अजून जास्तच असतं. मग पुढच्या तीस चाली फक्त सोसायचं.

परवाचाच डाव सांगतो. बी४ ला त्याने प्यादं खाल्लं, सी३, उंट ए५, सहावी डी४, त्याने डी४ खाल्लं, मी कॅसलिंग केलं (एकाच चालीत राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती मध्याकडे), आणि त्याने सातवी चाल जी८ चा घोडा ई७ ला आणला. आता मला फक्त एफ७ दिसत होतं. उंट सी४ वर तयार आहेच, घोडा जी५ ला टाकला की दोघांचा जोर एकाच घरावर, असं म्हणून आठवी चाल घोडा जी५. त्याने शांतपणे डी५ केलं. मी ई प्याद्याने डी५ खाल्लं. आणि खाल्ल्यावर लक्षात आलं की माझंच प्यादं आता डी५ वर, माझ्याच उंटाच्या वाटेत उभं आहे, एफ७ पर्यंतचा रस्ता मीच बंद केलाय. त्याने सी६ चा घोडा ई५ ला आणून उंटावर हल्ला केला, मी उंट बी३ ला मागे घेतला, त्याने पुढच्याच चालीला कॅसलिंग केलं आणि हल्ल्याचा विषय संपला. दहा चालीत!

तर प्रश्न असा की ओपनिंगच सोडून द्यावं का, की माझं काहीतरी चुकतंय? कृपया "स्पॅनिश खेळ" असा सल्ला नको, ते मला माहितीये.

---

काळीबाजू

मी ई५ वाला आहे, म्हणजे काळ्याकडून ई४ ला ई५ ने उत्तर देणारा, त्यामुळे हे गँबिट माझ्याविरुद्ध नेहमी येतं. पलीकडच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

सगळ्यात आधी, तुम्ही सहाव्या चालीला डी४ करता हे बरोबर करता. बरेच जण आधी कॅसलिंग करतात, आणि मग मला लास्करचा बचाव मिळतो: सहावी डी६, त्यांनी सातवी डी४ केली की उंट बी६. आता त्यांनी ई५ वर खाल्लं, मी डी ने खाल्लं, वजिरावजिरी झाली, त्यांनी घोड्याने ई५ खाल्लं. प्यादं परत मिळालं खरं, पण वजीर गेले, ए आणि सी ची प्यादी एकेकटी पडली, आणि मी आरामात एन्डगेम खेळायला बसतो. गँबिट खेळणाऱ्या माणसाला वजीर नसलेला डाव द्यायचा, यासारखं सुख नाही मला.

सहावीलाच डी४ आली की मी डी६ खेळतो. वजीर बी३ येतो, मी वजीर डी७, त्यांनी ई५ वर खाल्लं की लगेच परत न खाता उंट बी६. हे भक्कम आहे, पण मला घरी बसून पाठ करावं लागलं, पटावर सुचलं नसतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. घोडा जी५ ची मला खरंच भीती वाटत नाही, त्यावर डी५ हे प्रत्येक ई५ खेळणाऱ्याला तोंडपाठ असतं. वजीर बी३ ची थोडी वाटते. पण ज्या चालीने माझा डाव खराब झालाय ती नेहमी एकच, उंट ए३. तो उंट तिथे बसला की एफ८ वर त्याचा डोळा, मला राजाच्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही, मधल्या फाइल (उभ्या रांगा) उघडत जातात, आणि काही धमकी नसताना सुद्धा मला प्रत्येक चालीला पाच मिनिटं लागतात. गंमत म्हणजे निम्म्या लोकांना ती चाल सुचतच नाही कारण त्यात शह नाही की मार नाही.

---

संथचाल

काळीबाजू यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय, त्यालाच धरून लिहितो. मी हे गँबिट खूप वर्षं खेळलोय आणि शिकवलंय पण, त्यामुळे जरा सविस्तर.

धागाकर्ते, तुम्ही प्यादं देऊन काय विकत घेतलं? हल्ला नाही घेतला. वेळ घेतला. बी४ ला उंट आला, सी३ ने त्याला परत हाकललं, तोपर्यंत तुमची सी३ फुकटात झाली आणि डी४ ला जोर मिळाला. शिवाय बी प्यादं गेल्यामुळे आणि सी प्यादं पुढे सरकल्यामुळे दोन वाटा उघडल्या, सी१ च्या उंटाला ए३ आणि वजिराला बी३. एवढाच सौदा. आता हा वेळ तुम्ही कशावर खर्च करता त्यावर सगळा डाव. तुम्ही आठव्या चालीला जो घोडा आधीच बाहेर होता तोच परत हलवला. ए१ चा हत्ती, बी१ चा घोडा, सी१ चा उंट, वजीर, सगळे घरी झोपलेले. चार मोहरे घरात आणि हल्ला दोघांचा, तो कसा चालणार?

१८५२ साली बर्लिनमध्ये अँडरसन आणि ड्युफ्रेन यांच्यात झालेला 'एव्हरग्रीन' डाव तुम्ही नक्की पाहिला असेल, एव्हान्स गँबिटच आहे तो. सगळ्यांना शेवटचा वजिराचा बळी आठवतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना तो डाव फक्त एका उंटाकडे बघत खेळायला लावतो. अकराव्या चालीला अँडरसनने उंट ए३ ला ठेवला. त्यानंतर बारा चाली तो उंट हललाच नाही. पटावर वादळ चाललंय, एफ६ ला घोड्याचा बळी, ई७ ला हत्ती दिला, डी७ ला वजीर दिला, काळ्याचा राजा आत-बाहेर पळतोय, आणि हा कोपऱ्यात बसून आहे. चोविसाव्या चालीला तो एकदाच हलतो, ए३ वरून थेट ई७, घोडा खातो आणि मात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्याच डावात एकोणिसावी चाल बघा. अँडरसनचा एफ३ चा घोडा मारला जातोय, जी फाइलवर काळ्याचा हत्ती येऊन उभा आहे, त्याच्या स्वतःच्या राजाला धोका आहे. अशा वेळी तो काय करतो, तर ए१ चा हत्ती डी१ ला आणतो. घरात राहिलेला शेवटचा मोहरा! ती चाल सगळ्यात अचूक होती का यावर विश्लेषकांनी नंतर खूप वाद घातले, तो भाग सोडा. पण हत्ती डी१ ला नसता तर पुढचा वजिराचा बळी झालाच नसता.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, गँबिटमधल्या सगळ्यात ताकदवान चाली या शांत चाली असतात. प्यादं दिल्यावर हात शिवशिवतात, शह द्यावासा वाटतो, आणि तिथेच डाव हातातून जातो.

---

पटावरची_ताई

छान धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन वर्षांपासून खेळते. तिच्या प्रशिक्षकांचं म्हणणं आहे की या वयात गँबिट शिकवली की मुलं फक्त सापळे लावायला शिकतात. तिला मात्र एव्हान्स अतिशय आवडलंय, रोज तेच मांडून बसते. थांबवू का?

---

संथचाल

@पटावरची_ताई, थांबवू नका. आवडीने मांडून बसतेय यापेक्षा जास्त काय हवं. प्रशिक्षकांची काळजी अगदीच चुकीची नाही, सापळे पाठ करून मुलं पटापट डाव जिंकतात आणि मग बराच काळ तिथेच अडकतात. पण एव्हान्समध्ये सापळ्यांपेक्षा मोहरे बाहेर काढणं जास्त आहे. तिला एक सवय लावा: बी४ नंतर प्रत्येक चालीआधी मनात म्हणायचं, "माझा कोणता मोहरा अजून हलला नाही?" उत्तर मिळालं तर शक्यतो त्यालाच हलवायचं. आणि हरलेला डाव संध्याकाळी तुमच्यासमोर मांडून दाखवायला सांगा, तुम्हाला बुद्धिबळ येत नसलं तरी चालेल. समजावून सांगताना तिचं तिलाच कळतं.

---

घोडेस्वार_६४

शांत चालींचा विषय निघालाय तर १९९५ चा कास्पारोव्ह विरुद्ध आनंद डाव आलाच पाहिजे, रीगामध्ये माजी जगज्जेत्या तालच्या स्मरणार्थ झालेली स्पर्धा. एव्हान्स तेव्हा वरच्या पातळीवर जवळजवळ विसरलं गेलं होतं आणि कास्पारोव्हने ते थेट आनंदविरुद्ध काढलं!

आनंदने पाचव्या चालीला उंट ए५ ला न नेता ई७ ला घेतला. डी४ वर त्याने घोडा ए५ ला नेऊन सी४ च्या उंटावर हल्ला केला. आता आपल्यासारखा माणूस काय करेल? घोड्याने ई५ खाईल, प्यादं परत मिळालं म्हणून खूश होईल. मग काळा घोड्याने उंट मारतो, आपण परत मारतो, तो डी५ करतो आणि सगळं सोपं होतं. कास्पारोव्हने सातव्या चालीला उंट ई२ ला मागे घेतला. बस. एक प्यादं कमी आणि उंट परत घराशेजारी, पहिल्यांदा बघताना मला वाटलं डाव उतरवताना कुणीतरी चूक केली.

पण मग बघा. वजिराने डी४ खाल्लं, तिथून एच४, तिथून जी३. जी७ वर दबाव आला म्हणून आनंदला जी६ करावं लागलं. त्यामुळे एच६ चं घर रिकामं झालं आणि पंधराव्या चालीला उंट एच६ मध्ये जाऊन बसला. झालं, काळ्याचं कॅसलिंग बंद. राजा मध्येच अडकला, पांढऱ्याचा हत्ती डी फाइलवर आला, आणि पंचविसाव्या चालीला हत्ती ई१ बघून आनंदने राजीनामा दिला. त्या क्षणी आनंदकडे दोन प्यादी जास्त होती. दोन! मोजून बघा हवं तर.

आनंदसारख्या खेळाडूवर जर ही वेळ येते तर मोहरे मोजण्यापेक्षा राजा कुठे उभा आहे ते मोजणं किती महत्त्वाचं आहे ते समजतं.

---

दशांश_खेळाडू

मला थोडं वेगळं मत मांडायचंय, कुणाला दुखवायचा हेतू नाही. इंजिन (संगणकावरचा बुद्धिबळ प्रोग्राम) लावून बघा, काळ्याने नीट खेळलं तर पांढऱ्याला काहीच फायदा नाही, बऱ्याच फांद्यांमध्ये काळाच किंचित बरा. १८८९ मध्ये हवानाला चिगोरिनने स्टाइनिट्झविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सामन्यात हेच गँबिट पुन्हा पुन्हा खेळलं, काही डाव सुंदर जिंकला पण, तरी सामना स्टाइनिट्झनेच जिंकला. जर एखादी गोष्ट बरोबर उत्तर मिळाल्यावर चालत नसेल तर त्यात दोन वर्षं घालवण्यापेक्षा भक्कम ओपनिंग शिकलेलं बरं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरं म्हणजे ते पटावर येतं तरी किती वेळा? समोरच्याने तिसऱ्या चालीला उंट सी५ च्या जागी घोडा एफ६ खेळला की एव्हान्सचा प्रश्नच येत नाही.

---

काळीबाजू

दशांश, इंजिनचं खरं आहे. पण ती "किंचित बरी" जागा टिकवायला मला सात-आठ चाली ओळीने बरोबर शोधाव्या लागतात, घड्याळ चालू असताना, आणि समोरच्याला फक्त मोहरे बाहेर काढायचे असतात. मी स्वतः काळ्याकडून बसतो म्हणून सांगतो, ती बरोबरी फुकट मिळत नाही. तुमचा दुसरा मुद्दा मात्र मान्य. घोडा एफ६ ला पांढऱ्याकडे वेगळी तयारी पाहिजे, तिथे डी४ ढकलून त्याने खाल्ल्यावर कॅसलिंग करणारे बरेच आहेत, स्वभाव तोच राहतो.

आणि बी४ न खाता उंट बी६ ला मागे घेणारे पण असतात हे विसरू नका. मग ए४ येते, आणि बहुतेक जण ए६ करून उंटाला ए७ ची पळवाट ठेवतात.

---

घोडेस्वार_६४

दशांश यांच्या चिगोरिनच्या उदाहरणाबद्दल. सामना हरला म्हणून ओपनिंग खोटं ठरत नाही हो, समोर स्टाइनिट्झ होता, बचावाचा राजा! १९६३ चा फिशरचा रूबेन फाइनविरुद्धचा न्यूयॉर्कमधला डाव बघा, स्पर्धेतला नव्हता, सहज बसून खेळलेला, पण फिशरने आपल्या निवडक डावांमध्ये घेतलाय. फाइनने मिळेल ते खाल्लं, बी४, डी४ आणि मग सी३ सुद्धा. तीन प्यादी पोटात. फिशरने वजीर बी३, घोड्याने सी३ परत खाल्लं, घोडा डी५, उंट बी२. बघा, एकामागून एक मोहरे बाहेर. चौदाव्या चालीला त्याने एच४ चं प्यादं पण वजिराला खायला दिलं, म्हणजे वजीर अजून लांब जाईल. मग उंटाने जी७ खाल्लं, हत्तीने ई१ वरून शह, राजा डी८ ला. आणि सतरावी चाल वजीर जी३.

ही चाल पट मांडून बघाच. फिशरचा वजीर फाइनच्या वजिराच्या तोंडात उभा आहे. खाल्ला तर उंट एफ६ आणि मात, कारण ई फाइल हत्तीने अडवलीये आणि राजाच्या डाव्या बाजूला त्याचीच प्यादी आणि उंट उभे. नाही खाल्ला तर काळ्याचा वजीर जातो. फाइनने तिथेच डाव सोडला.

---

आडवी_फाइल

मी ई५ वाल्यांशी नाही, सिसिलियनवाल्यांशी लढतो म्हणून स्मिथ-मोरा खेळतो: ई४ सी५, डी४ त्याने खाल्लं, सी३ त्याने खाल्लं, घोड्याने सी३. विचार तोच, एक प्यादं देऊन सी आणि डी फाइल उघड्या, उंट सी४, कॅसलिंग, वजीर ई२, एक हत्ती डी१, दुसरा सी१. सगळे मोहरे एका रांगेत बाहेर येतात.

एक डाव सांगतो ज्यात समोरच्याने मला खूप सोपं करून दिलं. घोडा सी६, घोडा एफ३, डी६, उंट सी४, आणि तो घोडा एफ६ खेळला. मी लगेच ई५. त्याने सी६ च्या घोड्याने ई५ खाल्लं, मी घोड्याने घोडा खाल्ला, त्याने डी ने परत खाल्लं. आता डी फाइल पूर्ण मोकळी, दोन्ही वजीर समोरासमोर, मध्ये कुणी नाही. माझा उंट एफ७ वर, शह. राजाला खावाच लागतो, आणि वजिराला आता कुणाचाच जोर नाही. वजिराने वजीर.

पण हे उलट पण होतं आणि ते सांगितलंच पाहिजे. काळ्याने ई६, वजीर सी७, घोडा एफ६ असं मांडलं आणि मी नेहमीच्या सवयीने वजीर ई२ केला, त्याचा घोडा जी४ ला आला. मला वाटलं हाकलू, एच३. त्याने घोडा डी४! आता माझ्या वजिरावर हल्ला, आणि मी तो घोडा खाल्ला तर वजीर एच२ ला मात. याला सायबेरियन सापळा म्हणतात, वजीर गमावून शिकलो. तेव्हापासून त्या जागी माझा घोडा बी५ ला जातो, सी७ च्या वजिराला आधी हलवतो मग बाकीचं.

---

दशांश_खेळाडू

आडवी_फाइल, छान सांगितलंत. तरी मला वाटतं प्यादं द्यायचंच असेल तर बेन्को गँबिट जास्त पटतं, काळ्याकडून: डी४ घोडा एफ६, सी४ सी५, डी५ बी५. तिथे प्यादं देऊन ए आणि बी फाइल मिळतात आणि तो दबाव वजीर कटल्यावरही राहतो, उलट वाढतो. एव्हान्समध्ये वजीर गेला की भरपाई पण गेली, हा माझा मूळ आक्षेप आहे.

---

संथचाल

हा आक्षेप योग्य आहे आणि धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी थेट जुळतो. बेन्कोचा दबाव फाइलवर असतो, फाइल कुठे पळून जात नाही. एव्हान्सची भरपाई वेळेची असते आणि ती प्रत्येक चालीला थोडी थोडी आटत जाते. म्हणूनच काटाकाटी कुठली करायची हे फार जपून ठरवावं लागतं. वजिरावजिरी टाळायची, पण ती टाळायला वजीर कोपऱ्यात न्यायचा नाही.

बी४वाला, तुमच्या त्या जागेला परत जाऊ. सातवी घोडा ई७ नंतर घोडा जी५ च्या ऐवजी सरळ सी प्याद्याने डी४ खा. तो डी५ करेलच, करू दे. ई ने डी५ खा, त्याने घोड्याने डी५ परत खाल्लं. आता दहावी चाल उंट ए३. ई७ चा घोडा डी५ ला गेलाय, त्यामुळे ए३ पासून एफ८ पर्यंतची तिरकी रेघ पूर्ण उघडी आहे आणि काळ्याला कॅसलिंग नाही. एक प्यादं कमी, पण त्याचा राजा ई८ वर आणि ई फाइल उघडी. हा डाव मला कुणीही द्यावा, मी पांढऱ्याकडून बसेन.

---

बोटीवरचा_वाचक

मी फारसा खेळत नाही, पण इतिहास वाचतो. हे ज्याच्या नावावर आहे तो विल्यम डेव्हिस एव्हान्स हा वेल्सचा, टपाल नेणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. १७९० चा जन्म. १८२० च्या दशकात त्याने लंडनमध्ये मॅकडोनेलला या ओपनिंगने हरवलं, आणि त्याच मॅकडोनेलने मग १८३४ मध्ये ला बूर्दोनेविरुद्धच्या गाजलेल्या सामन्यांमध्ये ते वापरलं. या कप्तानाने रात्री जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून तीन रंगांच्या दिव्यांची पद्धत पण बसवली होती. दोन्ही कामं एकाच माणसाची, मला हे फार भावलं.

---

बी४वाला (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. एव्हरग्रीन डाव फक्त ए३ च्या उंटाकडे बघत खेळून पाहिला, दोनदा. इतकी वर्षं तो डाव पाठ होता पण तो उंट मला कधी दिसलाच नव्हता.

आणि काल संधी मिळाली. तोच प्रतिस्पर्धी, त्याने तीच सातवी चाल घोडा ई७ खेळली, बहुधा परत जी५ ची वाट बघत होता. मी डी४ खाल्लं, डी५, खाल्लं, घोड्याने परत खाल्लं, उंट ए३. त्याने पहिल्यांदाच घड्याळाकडे बघितलं. बराच वेळ घेऊन उंट ई६. मी उंट बी५, घोडा पिन केला, म्हणजे तो हलला तर मागचा राजा उघडा पडतो. त्याने ई५ ला माझा घोडा येऊ नये म्हणून एफ६. आता माझा हात वजिराकडे गेला, शह कुठे आहे ते शोधायला लागलो होतो, मग संथचालांचं वाक्य आठवलं आणि थांबलो. वजीर ए४. शह नाही काही नाही, पण ए५ चा उंट एकदम लटकला, कारण त्याला जोर देणारा सी६ चा घोडा पिनमुळे हलूच शकत नव्हता. तो उंट बी६ ला गेला. मी उंटाने सी६ खाल्लं, त्याने बी ने खाल्लं, वजिराने सी६ खाऊन शह. प्यादं परत! आणि मध्ये उंट घालता येत नव्हता कारण मग डी५ चा घोडा जातो, म्हणून त्याने राजा एफ७ ला नेला. कॅसलिंग कायमचं गेलं.

पुढे मी पंधरावी चाल घोडा सी३ केली, त्याने घोडा कापला, मी वजिराने परत खाल्लं, आणि तिथून हळूहळू जोर कमी होत गेला. त्याने उंट डी५ ला आणून ठेवला तो काही केल्या हललाच नाही. बेचाळीस चालीत बरोबरी. हरलो नाही, विसाव्या चालीला थकलो नाही, पण जिंकायला हवा होता असं आतून वाटतंय. घोडा सी३ चुकली का? घरात राहिलेला मोहराच तर काढला होता.

---

संथचाल

वजीर ए४ फार सुंदर चाल, ती तुमची तुम्ही शोधलीत!

पंधराव्या चालीबद्दल: मोहरा बरोबर निवडलात, घर चुकलं. सी३ ला नेल्यावर त्याला आयती काटाकाटी मिळाली, शिवाय डी५ चं घर त्याच्या उंटासाठी मोकळं झालं. तुमचं डी४ चं प्यादं एकटं आहे, त्याच्यापुढं उंट येऊन बसला की ते प्यादं तुमचं ओझं होतं. तोच घोडा डी२ ला ठेवून बघा. त्याचा घोडा डी५ वरच राहतो, आणि तो तिथे आहे तोपर्यंत उंटाला ते घर मिळत नाही. डी२ वरून तुमचा घोडा ई४ ला जातो, तिथून सी५ ला. सी५ ला त्याच्या बी६ च्या उंटाने खाल्लं तर डी४ च्या प्याद्याने परत खायचं, मग डी४ चं ते ओझंच उरत नाही. आणि ए१ चा हत्ती सी१ ला.

---

काळीबाजू

घोडा डी२ वर मी काळ्याकडून वजीर डी७ करून वजीर कापायला बघेन. त्याची तयारी ठेवा, वजीर सी फाइलवरून मागे घेता येईल.

---

बी४वाला (धागाकर्ता)

आत्ताच पटावर मांडलं. घोडा डी२, वजीर डी७, माझा वजीर मागे, मग घोडा ई४... त्याचा राजा अजून एफ७ वरच आहे आणि एच८ चा हत्ती अजून हललेला नाही! शनिवारी परत त्याच्याशीच डाव आहे, पांढरे माझ्याकडे. तो परत घोडा ई७ खेळेल असं वाटत नाही, त्यामुळे आज रात्री वजीर बी३ वजीर डी७ ची फांदी बघायला बसतोय. काळीबाजू, तुम्ही त्यात ई५ न खाता उंट बी६ करता म्हणालात, त्यानंतर तुम्हाला पांढऱ्याची कुठली चाल सगळ्यात नकोशी वाटते?

---

काळीबाजू

बी१ चा घोडा डी२ ला. परत तोच घोडा, शह नाही की मार नाही.